क्रॅक ऑन

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये चंद्रशेखर अकरा वर्षं परमिटवर सह्या करत होता. माणसं टाकीत उतरण्याआधी आतली हवा स्वतः मीटरने तपासायची, मगच सही. त्यात त्याने कधी कुणाची गय केली नाही. पाठीमागे सगळे त्याला किरकिऱ्या म्हणत. म्हणोत बापडे.

मग इंग्लंडहून नवा मॅनेजर आला. हसरा, खांद्यावर हात टाकून बोलणारा. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: "क्रॅक ऑन." संध्याकाळी बिशान भागातल्या आपल्या फ्लॅटवर आल्यावर चंद्रशेखरने लेकीला, ऋताला अर्थ विचारला.

"बाबा, इट मीन्स थांबू नका, काम चालू ठेवा. सिंपल लाह."

"मग बिघडलं कुठे?" त्याची बायको नीता म्हणाली. "ओरडला का तो तुझ्यावर?"

"ओरडला असता तर भांडलो असतो गं."

खरी गोम तिथेच होती. त्या शब्दात ना हुकूम, ना राग. कागदावर तर तो कधीच उतरत नसे. नाही म्हणायचं तरी कशाला?

प्लांट बंद ठेवून करायचं दुरुस्तीचं, शटडाऊनचं काम तीन दिवस मागे पडलं होतं. मीटर दुरुस्तीला गेलेला, दुपारी येणार होता. तोवर थांबू या, असं चंद्रशेखर म्हणाला. मॅनेजर हसला. "शेखर, क्रॅक ऑन." पुढच्या महिन्यात त्याच्या एम्प्लॉयमेंट पासची, तिथे नोकरी करायच्या परवान्याची मुदत संपत होती, आणि शिफारस याच माणसाच्या हातात. ऋताचं परीक्षेचं वर्ष. चंद्रशेखरने कालचंच रीडिंग लिहिलं आणि सही ठोकली. चार तास तो टाकीपासून हलला नाही. माणसं सुखरूप बाहेर आली, कुणाला काही कळलं नाही, आणि तिथेच घात झाला.

पुढच्या आठवड्यात मीटर त्याच्या टेबलावरच होता. टाकी लांब, ऊन मी म्हणत होतं. चंद्रशेखर मीटर न घेताच हात हलवत गेला.

टाकीच्या तोंडाशी फोरमन सेल्वम दोन कामगारांना घेऊन उभा होता. शेखर सरांची सही असली की डोळे मिटून उतरा, असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगत असे.

"सर, रीडिंग?" त्याने सवयीने विचारलं.

"क्रॅक ऑन," चंद्रशेखर म्हणाला. तोही हसून.

कुणाचा शब्द आपल्या तोंडून गेला, ते त्याला लगेच कळलं. पण तोवर सेल्वम शिडीवरून खाली गेला होता, त्याच्यामागून ते दोघं. हाक मारली असती तर तिघंही वर आले असते. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

चंद्रशेखरने हाक मारली नाही.