न फोडलेला नारळ

आमच्या गल्लीतल्या बायकांना देवी स्वप्नात येते. कुणाला हिरव्या साडीत दिसते, कुणाच्या कानात बोलते. माझ्या स्वप्नात ती कधी आली नाही. नवऱ्याचा खोकला जाऊ दे म्हणून मी सप्तशृंगीच्या गडावर अनवाणी चढून नवस बोलले होते. खोकला गेला, पण नवऱ्याला घेऊन गेला. त्यानंतर पुष्कळ दिवस माझं नि देवीचं बोलणं नव्हतं. तरी एक गोष्ट घडली ती लिहून ठेवते. ती देवीनं केली की कुणी, ते मला माहीत नाही आणि आता या वयात शोधायचंही नाही.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचं हे. आम्ही पंचवटीच्या टोकाला राहायचो. नवरा स्टेशनपासून गावात टांगा चालवायचा. घोडीचं नाव लाखी. एकदा एका मोटारीनं टांग्याला धक्का दिला. चाक मोडलं, लाखीचा मागचा पाय कायमचा अधू झाला आणि तेव्हापासून ती प्रत्येक आवाजाला बिचकायला लागली. पत्रा वाजला तरी तिचे कान मागं जायचे. टांगा बंद पडला आणि वर्षाच्या आत नवराही अंथरुणाला खिळला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, माझ्याबद्दल काही बोलेल. तो म्हणाला, "लाखीला सांभाळ." मला कुणी सांभाळायचं, ते काही बोलला नाही. सोळा वर्षं भाकऱ्या भाजल्या त्याच्या. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, खोटं कशाला लिहू.

तेरावा झाला आणि दिरानं सांगितलं, घोडी वीटभट्टीवाल्याला देतो. भट्टीवर मातीच्या गाड्या ओढायला लंगडं जनावर लावायचे, ते महिना दोन महिन्यांत आडवं व्हायचं. मी कळवणजवळच्या माझ्या भावाला निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं, घोडीला घेऊन ये, तूही ये. दिराला मी जाणार हे ऐकून बरंच वाटलं. पण लाखी चालत कळवणला पोचली नसती. मग कांदे घेऊन आलेली एक लॉरी रिकामी परत जाणार होती, तिचा ड्रायव्हर कबूल झाला. माथ्यावर ऊन आलं की निघणार, थांबणार नाही म्हणाला. दीर म्हणाला, "वैनी, तवर चढली तर तुझी. नाय चढली तर भट्टीवाला दारात उभाच हाय." आणि तो खरंच उभा होता, झाडाखाली विडी ओढत.

लॉरीच्या मागं फळी लावली. आमच्यात कुठंही निघताना वाहनापुढं नारळ फोडायची रीत. देवीशी बोलणं नव्हतं, पण हात सवयीनं चालतो. मी नारळ घेतला आणि लाखीला फळीजवळ उभं करून फळीच्या लोखंडी कडेवर आपटला. काड्‌कन आवाज झाला. लाखी दोन पायांवर उभी राहिली. दोर माझ्या तळव्यांतून सरसरत गेला आणि कातडी सोलून गेला. तिच्या खुराचा धक्का लागून फळी खाली पडली, ती आणखी मोठ्यानं वाजली. तिला आवरायला चार माणसं लागली. मग त्यांनी मागून काठ्या मारल्या, पुढून ओढलं. ती घामानं निथळली, पण फळीवर खूर टेकवेना.

जमलेल्यातली एक म्हातारी म्हणाली, "विधवेनं नारळ फोडलाय. दुसरं काय व्हायचं?" दिरानं मान डोलावली. भट्टीवाला हसला. आणि मलाही तेच वाटत होतं. नवस बोलले तर नवरा गेला, नारळ फोडला तर घोडी भट्टीवर चालली. माझ्या हाताचाच गुण, असं मी मनात धरलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा मुसलमान पुढं आला. पांढरी दाढी, खांद्यावर पडशी. त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं जमिनीवरची नारळाची भकलं बघितली, मग माझे हात बघितले.

"बाई, नारळ देवीला फोडला का घोडीला?"

मी सोललेले तळवे पदराखाली घेतले.

"कानाशी एवढा आवाज केल्यावर मीबी पळालो असतो," तो म्हणाला. मग त्या म्हातारीकडं वळून, "आवाजाला भ्याली ती. यात या बाईचा काय कसूर?"

एवढंच बोलला. पण नवरा गेल्यापासून माझा दोष नाही असं म्हणणारा तो पहिला माणूस.

मोठ्या लढाईत त्यानं फौजेचे घोडे रेल्वेच्या डब्यांत नि आगबोटींत चढवले होते म्हणे. त्यानं काठ्या टाकायला लावल्या आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. लॉरी मागं घेऊन ओढ्याच्या बांधाला टेकवायला लावली, म्हणजे फळी जवळजवळ सपाट झाली. मग मला म्हणाला, "तिच्या ठाणावरचं गवत आण. धुतलेलं नको, तसंच आण." मी लीद-मुतासकट ओलं गवत पाटीनं वाहिलं. ते त्यानं फळीवर नि लॉरीत जाड पसरलं. फळी पायाखाली वाजेनाशी झाली आणि वास लाखीच्या स्वतःच्या घराचा यायला लागला.

"आता दोर ढिला सोड नि तू पुढं जा. मागं बघू नको. वढू नको."

"आणि नाय आली तर?"

"तर नाय आली. वढून आली होती का?"

मी लॉरीत जाऊन तिच्याकडं पाठ करून उभी राहिले. समोर भिंतीसारख्या फळ्या, पायाखाली लीद. सोललेल्या तळव्यांत दोर नुसता पडलेला. ऊन माथ्यावर आलं होतं. ड्रायव्हर कुरकुरत होता. देवीकडं काही मागावं असं मनात आलं, पण मागायला तोंड उघडेना. एकदा मागून बघितलं होतं. मग मी काहीच मागितलं नाही. भट्टीवर जायची असेल तर जाईल, म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी कशालाच धरून नव्हते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. गवतावर खुराचा दबका आवाज आला, मग दुसरा. आणि माझ्या मानेवर गरम श्वास लागला.

म्हाताऱ्यानं तिला मान खाली घालता येईल इतक्या लांब दोरानं बांधलं. ड्रायव्हरला दम दिला, पहिला कोस बैलगाडीसारखी हाक, भोंगा वाजवलास तर बघ. भकलं पुसून माझ्या पदरात टाकली. "हे तिला चार, थोडं थोडं. देवीचं हाय ना." त्याचं नाव विचारायचं राहिलं. दिराला नंतर विचारलं, तर तो म्हणाला, कोण म्हातारा?

वाटेत लाखीनं परसाद खाल्ला आणि वणी यायच्या आत एक पाय ढिला सोडून उभ्या उभ्या डुलक्या घ्यायला लागली. गड दिसला. मी हात जोडले नाहीत, हात दुखत होते. पण नजर काढली नाही.

लाखी भावाच्या रानात नऊ वर्षं जगली, मस्त चरली. माझं तसं झालं नाही. भावजयीनं मला बैलासारखं राबवलं आणि भाकरी मोजून वाढली. नवऱ्यानं जिला सांभाळायला सांगितलं तिचं भलं झालं, एवढं खरं.

अजून मी वर्षातून एकदा गडावर जाते. पुजारी दरवेळी म्हणतो, "आजी, नारळ फोडायचा ना?" मी नको म्हणते. अख्खा नारळ देवीच्या पायाशी ठेवते, वळते आणि मागं न बघता पायऱ्या उतरते.