अँकर, अंकुश आणि सोप्यातला गळ

मुलीला जहाजावर नोकरी लागली आणि मी शब्दकोश उघडून बसलो. "पप्पा, जाऊ का?" एवढंच तिनं विचारलं होतं. माझा होकार घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती. आमच्या सात पिढ्यांत पंचगंगेच्या पुराहून मोठं पाणी कुणी पाहिलेलं नाही. मला भीती वाटत होती. ती बोलून दाखवण्यापेक्षा जहाजाच्या नांगराचा 'अँकर' हा शब्द कुठून आला ते शोधणं सोपं होतं.

इंग्रजीनं तो लॅटिनकडून उचलला, लॅटिननं ग्रीककडून. त्याच्याही मागं एक जुनाट धातू आहे, 'वाकणे' या अर्थाचा. त्याचंच एक पिल्लू आपल्याकडं येऊन हत्तीचा अंकुश झालं, चिंचा पाडायचा आकडा झालं. अंक म्हणजे मांडी, तीही त्याच घरातली. हे सगळं मी जेवताना ऐकवलं.

"अवं, पोरगी इचारतीया काय आन् तुम्ही शब्दाचा पणजा हुडकत बसलाय व्हय!" बायको म्हणाली. मुलगी हसली नाही.

आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, खुंटीला गळ टांगलेला आहे. चार वाकड्या नख्यांचा, लोखंडी, विहिरीत पडलेली बादली काढायचा. दिसायला लहानसा अँकरच. वडिलांच्या काळात सगळी गल्ली तो मागून न्यायची. रीत अशी, की नेणाऱ्यानं घरचं एक भांडं आमच्याकडं ठेवायचं. वडिलांनी ते हातात घेऊन फळीवर ठेवलं की होकार झाला, तोंडानं काही बोलायचं नाही. गळ परत येईपर्यंत आमच्या घरातलं कुणी त्या भांड्याला हात लावत नसे. आता घरोघरी नळ आहेत आणि गळ नुसता गंजतोय.

एका सकाळी मुलगी तिची लहानपणची पितळी वाटी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"गळ कशाला पाहिजे तुला?"

"गळ न्हाय, मी मलाच नेतीया की. भांडं ठिवून घ्या."

वाटी बराच वेळ माझ्या हातातच राहिली. मग मी ती फळीवर ठेवली.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. परवा पाव्हणे आले, आमटीला वाट्या कमी पडल्या. बायकोचा हात फळीकडं गेला आणि मी पाव्हण्यांदेखत केवढ्यांदा तरी ओरडलो, "ती न्हाय! ती परत द्यायची हाय."