पेल्याच्या बुडावरची सही

झिलईवाल्याच्या हातून निघालेलं भांडं म्हणजे आरसाच, असं गल्लीत सगळे म्हणत. एका खोलीच्या दुकानात तीस वर्षं त्याने चमचे, कुलपं, बक्षिसांचे कप चकचकीत केले होते. कुणी विचारलं की तो कौतुकाने समजावून सांगे. घरातली वीज सारखी उलटसुलट धावते. ती तशीच वापरून चांदीचा मुलामा चढवायला गेलं तर चढलेली चांदी लगेच उतरायची. म्हणून भिंतीवरची पेटी तिला एकाच दिशेने वाहायला लावते. लाल तारेला चांदीची पट्टी, काळीला भांडं. दोन्ही टाकीतल्या द्रावात सोडली की पट्टीची चांदी सुटते आणि भांड्यावर जाऊन बसते. "आमची वीज आमच्या बायकोसारखी," तो म्हणे, "एकदा निघाली की मागे वळून बघत नाही."

त्या आठवड्यात लाल तार जळाली. हाताशी काळीच होती, तीच जोडून टाकली; आता दोन्ही तारा काळ्या. इतकी वर्षं झाली, आपल्याला काय कळत नाही?

दुसऱ्या दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, त्यांच्या आईचा चांदीचा पेला पाठवला. काळवंडलाय, जरा उजळून दे म्हणाली. पेल्याच्या बुडावर आईची सही होती. साठीला टेकलेल्या आईला ताईने हात धरून लिहायला शिकवलं, तेव्हा कंपासच्या टोकाने कोरलेली, एकमेकांच्या अंगावर पडणारी चार अक्षरं. आईच्या हातचं लिहिलेलं एवढंच उरलं होतं.

झिलईवाल्याने पेला टाकीत सोडला आणि गिऱ्हाइकाशी बोलत बसला. अर्ध्या तासाने बघतो तर पट्टीने बाळसं धरलेलं आणि पेला झिजलेला. तारांची अदलाबदल झाली होती. सही पुसली गेली होती.

त्याला जेवण गेलं नाही. शेवटी त्याने कंपास घेतला, आठवून आठवून तीच अक्षरं कोरली, वर मुलामा चढवला आणि पेला ताईकडे पोचता केला.

ताईने फोन केला. आईचं अक्षर आपण समजत होतो तेवढं वाईट नव्हतं, असं कितीतरी वेळ बोलत राहिली. त्याने नुसतं हं हं केलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

चार दिवस त्याने कसेबसे काढले. पाचव्या दिवशी तिला पेला घेऊन दुकानात बोलावलं, स्टूल पुसून दिलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

ताईने पेला उलटा करून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "आता तारा उलट्या लावल्या तर परत येईल का रे?"

"चांदी येईल, ताई. अक्षर नाही यायचं."

"आणि मी मेली चार दिवस तुझ्याच अक्षराला हात लावत बसले होते." तिने पेला त्याच्या पुढ्यात ठेवला. "हे काढ. मला कोरा चालेल."

त्याने सकाळीच आणलेली लाल तार पेटीला जोडली. तीस वर्षांत पहिल्यांदाच, कळूनसवरून, तिला पट्टीऐवजी पेला बांधला. ताई स्टुलावरून हलली नाही. त्याने बटण दाबलं आणि तिच्याशेजारी उभा राहून बघू लागला.