काशाची गोदूबाई

गव्हाणच्या धक्क्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या निनादचा फोन आला. "सत्यवतीबाय, गोदूबाई बुडाली." मी पनवेलला कचेरीच्या पायऱ्यांवर बायका घेऊन बसले होते. घोषणा अर्धी टाकून निघाले.

गोदूबाई ही काशिरामची होडी. आईचं नाव दिलं होतं त्यानं तिला. काशा कोळ्यांचा, मी आगऱ्यांची. त्याचा बाप खाडीत, माझा मिठागरात, आणि आम्ही दोघं एकाच शाळेतून पळून जाणारी. गावातलं घर पाडून त्याच्या भावांनी इमारत उठवली तेव्हा काशानं हिस्सा मागितला नाही. मी पदर खोचून भांडायला तयार, तर हा म्हणतो, "मना होडी हाय." पुढं बायको गेली, रंभा, तेव्हा तर तो होडीतच राहायला गेला. मागच्या अंगाला प्लायवूडची खोली केली. छपराला जुना बॅनर ताणला. बॅनरवर कुठल्याशा पुढाऱ्याचे जोडलेले हात शिल्लक होते, तोंड पावसात धुऊन गेलेलं. आत स्टोव्ह, गोधडी, रंभाचा फोटो. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, गाळात उड्या मारणाऱ्या निवट्या धरायच्या, चिंबोऱ्या धरायच्या आणि टपरीपाशी बसून विकायच्या. खाडीत मासळी राहिली नव्हती, काशा राहिला होता.

मुलगा हितेश कंटेनर यार्डात कामाला. त्यानं रोडपालीला फ्लॅट घेतला, सत्यनारायण घातला. काशा पूजेला गेला. सून मनस्वी चांगली पोर, तिनं राहा राहा केलं, म्हणून राहिला. परत आला तेव्हा पाण्यावर फक्त पुढाऱ्याचे हात दिसत होते.

धक्क्यावर पोचले तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं. भराव वाहणारे बार्ज त्या अरुंद पाण्यातून दिवसभर जायचे, बांधलेल्या होड्या हलवून सोडायचे. मी टपरीवरच अर्ज लिहायला घेतला. मी सातवी नापास, पण अर्ज असा लिहिते की साहेबाला चष्मा पुसून पुन्हा वाचावा लागतो. बार्जच्या धडकेनं होडी फुटली, पंचनामा करा, भरपाई द्या.

"वाचून दाखव," काशा म्हणाला.

दाखवला.

"बार्ज नाय लागला तिला."

"तू होतास का हितं?"

"नव्हतो. म्हनून तर बुडाली."

"म्हंजे?"

"जुनी होडी हाय, सत्ये. फळ्यांतून पानी येतंच. सकाळ-सांज मी उपसतो, रातचं जाग आली का उपसतो. मी नव्हतो. कोन उपसनार?"

"ते साहेबाला कशाला सांगतोस? बार्जच्या लाटांनीच फळ्या सैल झाल्या ना?"

"झाल्या असतील. पन बुडवली मी. मी अंगठा देनार नाय."

"सही येते तुला, मेल्या."

"मंग सही देनार नाय."

मी अर्ज फाडला नाही, घडी करून पिशवीत कोंबला, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीचा दोष कुणाच्या ना कुणाच्या दारात नेऊन टाकलाय, आणि बहुतेक वेळा दार बरोबर निघालंय. हा माणूस स्वतःच्याच दारात उभा राहिलेला. तिथं मोर्चा कसा न्यायचा?

पण होडी वर काढायची वेळ आली तेव्हा गेलेच. ओहोटीला गोदूबाईच्या दोन्ही अंगांना रिकामी पिंपं आवळून बांधली. काशा चिखलात मांडीपर्यंत, मी बांधावरून दोर खेचतेय. भरती चढायला लागली तशा दोऱ्या करकरल्या, पिंपं वर यायला बघू लागली आणि गाळानं तिला सोडलं. धक्क्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आत काळा गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाची तरी चप्पल. रंभाचा फोटो सापडला. काच तेवढी होती, फोटो पांढरा झालेला. काशानं तो परत पाण्यात सोडला.

उरणकडचा भगवान सुतार बोलावला. त्यानं बुडाच्या फळीत पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"काशीदादा, ही होडी नाय, खारी हाय. चहात बुडवून खा."

"नीट कर."

"फळी बदलायची तर खालचा कणा बदलावा लागंल. कणा बदलला तर काय ऱ्हायलं? नवी होडीच झाली. आता सगले फायबरची घेतात."

"मना फायबर नको."

भगवान माझ्याकडं बघायला लागला, जणू मी काशाची वकील. मी म्हटलं, "जेवढं होईल तेवढं कर."

त्यानं फटींत राळेत भिजवलेला कापूस ठोकला, मोठ्या भोकांवर पत्रे मारले. गाळ खरवडायचं काम मी आणि काशानं केलं. वरून काजूच्या टरफलाचं तेल फासलं. ते काळं तेल हाताला लागलं की कातडं सोलतं. टपरीवरचे टोमणे चालूच. "बाय, मोर्चा सोडून रंगकाम घेतलं काय?" मी म्हटलं, "ये हिकडं, तुझ्या तोंडालाही एक हात मारते."

जाताना भगवानला विचारलं, "तरंगेल ना?"

"तरंगेल की. दादा उपसतील तवर."

तरंगली. काशानं आत नवा स्टोव्ह मांडला, पहिल्या दिवशी निवट्यांचं कालवण केलं, मला वाढलं. जेवताना तो मधेच उठायचा, कापलेल्या डब्यानं पाणी उपसायचा, परत बसायचा. घास आणि डबा, घास आणि डबा. आधी सकाळ-सांज पुरायचं, आता पुरत नव्हतं. उजवा खांदा धरलेला, हात कानाच्या वर जात नव्हता. डाव्या हातानं उपसायचा, अर्धं पाणी परत आतच सांडायचं.

हितेश बॅटरीवरचा पंप घेऊन आला. चांगला चालला, गाळ अडकेपर्यंत. काढला, धुतला, लावला. पिशवीचा तुकडा अडकला. हितेश ओणवा होऊन पंप साफ करत होता आणि बापाकडं न बघता म्हणाला, "बाबा, घरी तुमची खोली तशीच ठेवलीय. मनस्वी रोज विचारते."

"तिला सांग, चांगली हाय खोली."

"म्हणजे येताय?"

"खोली चांगली हाय एवढंच म्हनलो."

काशाचा खांदा पार आखडला तेव्हा एक आख्खी दुपार मी बसले उपसायला. त्याला म्हटलं, तू आडवा हो. आडवा झाला, पण डोळे उघडेच. माझी कंबर मोडली. त्यानं आतल्या फळीवर कोळशानं रेघ मारून ठेवली होती, पाणी कुठवर चाललं ते कळायला. मी थांबून बघितलं तर पाणी रेघेच्या वर. मी उपसत असतानाच चढलं होतं. त्यानंही बघितलं. उठला आणि स्टोव्ह उचलून धक्क्यावर ठेवला.

दुसऱ्या सकाळी भरतीला म्हणाला, "सत्ये, वल्हं घे."

खाडीची मधली धार सोडून आम्ही तिला आत तिवरांच्या वळणात नेली. मी विचारलं, इकडं कशाला? "धारेत बुडाली तर दुसऱ्याच्या होडीला लागंल. हितं कुनाच्या वाटेत नाय." मग तो खाली वाकला आणि भगवाननं ठोकलेला कापूस बोटांनी उपटायला लागला.

मी ओरडले. माझी सवयच ती. "मग राबलो कशाला? तेल लावून हात सोलले कशाला? थांब, मी पोरांच्या पाळ्या लावते. निनाद हाय, मी हाय. आळीपाळीनं उपसू."

"पाळ्या लावून कोन राहतं घरात?"

"अरं, मग भांडायचं तरी सांग. कुनाशी भांडू ते सांग."

"कुनाशी नाय." त्यानं कापसाचा बोळा पाण्यात टाकला. "मना आता व्हत नाय, सत्ये. एवढंच."

पाणी घोट्याला आलं, मग पिंढरीला. गोदूबाई घाईनं नाही बसली, गाळात एका अंगाला कलत गेली. काशा शेवटपर्यंत आत उभा होता, डाव्या हातात तो डबा. मी खाली उतरून हात दिला तेव्हा डबा आतच टाकला आणि चिखलात उतरला.

बांधावर हितेश गाडी घेऊन उभा होता. त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही, मी सांगितलं नव्हतं. मी सुद्धा निघाले बरोबर; काशाला एकटा सोडायची माझी छाती नव्हती. गाडीचं दार उघडून बसायला गेले तर काशानं माझा दंड धरला आणि बांधालगतच्या नळाकडं बोट केलं.

"आधी पाय धू," तो म्हणाला. "मनस्वीची लादी पांढरी हाय."