शेवट आधी सांगणारे मजीदभाई

तिकीटखिडकीत अर्धं आयुष्य काढलं की माणसाला पिक्चर कमी आणि पब्लिकच जास्त दिसतं. पडद्यावरचं सगळं मी विसरलो. खिडकीबाहेरचे किस्से मात्र साठत गेले, आणि चहाला दोघं जमले की निघतातच! त्यातले बरेचसे मजीदभाईंचे. लातूरच्या आमच्या टॉकीजचे ते गेटकीपर. तिकीट फाडायचे, बेल द्यायचे आणि राहायचेही टॉकीजच्या मागच्याच खोलीत.

*

भूकंपानंतर लातुरात छपराखाली बसायला कोणी तयार नव्हतं. मी स्वतः अंगणात झोपायचो, मग दुसऱ्याला काय बोलणार? तरी मालकांनी धीर करून टॉकीज उघडली. आणि लावला काय, तर भुताचा पिक्चर!

भुताच्या पिक्चरला आधी दार करकरतं, मग मांजर ओरडतं, मग गडगडाट होतो. गडगडाट झाला आणि अख्खं थेटर रस्त्यावर! सगळ्यांच्या पुढे मजीदभाई. आत भूत रिकाम्या खुर्च्यांना घाबरवत बसलं.

"पिच्चरमदलं व्हतं का खरंच हाललं?" जो तो विचारत होता. आत जाऊन बघायला कोणी तयार नाही. एवढ्यात आतून गाणं ऐकू आलं.

मजीदभाई ओरडले, "गाना लगा! भूकंप नै! भूकंप में गाना नै रहता!"

सगळे परत आत.

*

तेव्हापासून मजीदभाईंनी गेटवरच सगळं सांगायला सुरुवात केली. "इंटरवलच्या आदी मोठा आवाज हाय, पळायचं न्हाई. शेवट गोड हाय, बसा निवांत." लोकांना याची इतकी सवय लागली की शेवट कळल्याशिवाय कोणी आत जाईना.

रहस्यपट लागला तेव्हा उदगीरचे एक आडत व्यापारी गेटवर अडून बसले. "खुनी कोन हाय ते सांगा, मगच आत येतो." मजीदभाईंनी सांगून टाकलं, "माळी."

व्यापाऱ्यांनी तीन तास थेटर डोक्यावर घेतलं. "आवं, त्या माळ्याला कामावरून काढा की! चहा पिऊ नका त्याच्या हातचा!" बाहेर आले ते घामाघूम होऊन. म्हणाले, "मी सांगायलोय, सांगायलोय, पोलीस ऐकतच न्हाईत!"

*

पुढे लातुरात क्लास वाढले आणि गावोगावची पोरं खोल्या करून राहायला आली. रविवारची टेस्ट झाली की आमच्याकडे. कॉलेजातल्या प्रेमाचा पिक्चर होता. हिरो पूर्ण वेळ बागेत गाणी म्हणतो आणि शेवटी पळत घरी येतो, "माँ, मैं पास हो गया!" आईच्या डोळ्यांत पाणी, सतार वाजते.

मागून नांदेडच्या एका पोराचा आवाज आला, "पीसीबी ग्रुपला किती पडले ते सांग!"

*

एक दिवस मालक म्हणाले, "मजीद, या शुक्रवारी हाऊसफुल्ल झालं तर टॉकीज राहील. न्हाईतर हॉल क्लासवाल्या सरांना देऊन टाकतो." मजीदभाई त्या दिवशी जेवले नाहीत. टॉकीज गेली तर ते जाणार कुठे?

पिक्चर होता डाकूचा. मजीदभाई रिक्षात भोंगा लावून निघाले. एका गल्लीत सांगितलं, देवीचा पिक्चर हाय. दुसरीत, आईच्या मायेचा. पोरांच्या खोल्यांसमोर, नुसती मारामारी!

मी म्हटलं, "मजीदभाई, खोटं कशाला बोलता?"

"झूट कैसा? डाकू मंदिर में नै जाता? डाकू कू माँ नै रहती?"

हाऊसफुल्ल! देवीचं ऐकून रेणापूरकडच्या बाया नारळ घेऊन आल्या. दरोड्याआधी डाकूने देवीपुढे हात जोडले, तशा बाया उठून उभ्या राहिल्या आणि आरती सुरू केली. ऑपरेटरने पिक्चर थांबवला. डाकू हात जोडून तसाच पडद्यावर उभा. मारामारीला आलेल्या पोरांनी चपला काढल्या. शेवटच्या रांगेपर्यंत खोबरं वाटून झालं, मगच दरोडा पडला.

बाल्कनीत मालकांच्या शेजारी क्लासवाले सर बसले होते. खाली बघतच राहिले. "एवढी माणसं, आणि तीन तास एकही उठून गेला न्हाई? मालक, तुम्ही म्हणाल तेवढं भाडं. मला हाच हॉल पाहिजे!"

मालकांनी तोंडातलं खोबरं गिळलं आणि होकार दिला. मला फार वाईट वाटलं.

*

पडद्याच्या जागी फळा आला. गेट आणि बेल सांभाळायला सरांनी मजीदभाईंनाच ठेवून घेतलं, आणि खिडकीत फी घ्यायला मला.

क्लासचा पहिला दिवस. भूकंपातल्या किल्लारीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. पोरगी दारातच थांबली. वर छपराकडे बघायची आणि मागे सरकायची. बाप टॉकीजचं जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, "मजीदभाई, हिला शेवट सांगा की. गोड हाय म्हना."

  मजीदभाई पोरीपुढे वाकले.

"बेटा, ये पिच्चर मैं देखा नै. तू देखके आ, मेरेकू शेवट बता."

पोरीने बापाचा हात सोडला आणि आत गेली. दार लागलं. आत सरांनी फळ्यावर पहिली ओळ लिहिली असेल नसेल, मजीदभाईंना धीर निघेना, त्यांनी इंटरवलची बेल दिली.