बोटं तुटू नयेत म्हणून

हिराताई कुठलाही व्हिडिओ पाहायला बसल्या की आधी आवाज बंद करायच्या. लग्न असो, बारसं असो, की सोसायटीचं गॅदरिंग. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, मस्त गाणी टाकलीत, ऐका तरी." त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "आवाज चांगला असला का डोलं आलशी होतान. आधी मला चित्र बगू द्या."

जुईनगर स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. मूळच्या त्या सारसोळ्याच्या. तरुणपणी मासळी विकायच्या. नवरा लग्नांचं शूटिंग करायचा. तो अचानक गेला तेव्हा अकरा लग्नांच्या कॅसेट घरात अर्धवट पडून होत्या. लोक आपापल्या कॅसेट परत न्यायला आले. हिराताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "महिनाभर थांबा. पुरं करूनच देते." कॉम्प्युटरला त्यांनी तोवर नुसता फडका मारला होता. महिन्याचे तीन महिने झाले, पण अकराही लग्नं त्यांनी पुरी केली.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाली आणि खुणांच्या भाषेचे धडे आम्ही शिक्षिकांनी आपापल्या घरी मोबाइलवर रेकॉर्ड केले. पण आमच्या बऱ्याच मुलांचे वडील मार्केटात माथाडी. घरात फोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात. टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेअर मात्र पुष्कळांकडे होता. म्हणून मी एका दुकानातून सगळे धडे एकाच डिस्कवर भरून आणले. सहा तासांचा मजकूर एका डिस्कवर मावला, याचं मला कोण कौतुक! आठवड्याने एकेका घरी जाऊन पाहिलं, तर मुलं टीव्हीकडे पाठ करून बसलेली.

दुकानं नीट उघडल्यावर कुणीतरी हिराताईंचं नाव सुचवलं. त्यांनी डिस्क लावली. या वेळी बंद करायला आवाजच नव्हता. दोन मिनिटं पाहून त्यांनी चित्र थांबवलं आणि पडद्यावरच्या माझ्या हातावर बोट ठेवलं.

"बाई, तुमची बोटं तुटतान."

पाहिलं तर खरंच. हात स्थिर असला की ठीक. हलला की बोटांच्या जागी नुसते चौकोनी ठोकळे. आमच्या भाषेत दोन शब्दांमधला फरक कधी कधी एका बोटाच्या वळणाएवढा असतो. म्हणजे इतके दिवस मी मुलांशी तोंडात घास धरून बोलत होते.

"सा तास एका डिस्कमधी कोंबलंय," त्या म्हणाल्या. "एका टोपलीत किती मासळी भरनार? खालची चेचनारच ना?"

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. एका डिस्कवर तासाभराचंच चित्र. आणि फाइल बदलताना कॉम्प्युटरला ती दोनदा फिरवायला लावायची. "पयल्या फेरीत त्यानं निस्तं बगायचं, हालचाल कुठं हाय ती. दुसऱ्या फेरीत जिथं जास्त लागतं तिथं जास्त द्यायचं. सगल्यांना सारखं वाटलं का ज्याला गरज हाय तोच उपाशी रातो." याला दुप्पट वेळ लागे. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता देत. एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ म्हणाले, जुन्या लग्नाचं चित्र ताणून नव्या रुंद टीव्हीभर करून द्या, बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत. हिराताई म्हणाल्या, "तुमच्या आईला आडवी फुगवून बगायची हाय का? मंग मी नाय करनार." गृहस्थ पट्ट्यांसकट डिस्क घेऊन गेले.

माझे धडे मात्र एवढ्याने सुधारले नाहीत. बोटं आता स्वच्छ दिसत, पण मधेच हिसका बसे. मोबाइल सेकंदाला तीस चित्रं घेतो, आपल्याकडच्या डीव्हीडीवर पंचवीसच बसतात; उरलेली पाच गाळली जातात, आणि नेमकं त्यांतच एखादं बोट वळलेलं असतं. हिराताईंनी फोनमध्ये पंचवीसचं सेटिंग करून दिलं आणि म्हणाल्या, "परत करा शूटिंग."

"सगळं? चाळीस धडे आहेत, हिराताई."

"मी अकरा लग्नं केली. तुमी चालीस धडे करा."

रागच आला होता मला. तरी केले.

पहिली नवी डिस्क तपासायला मी माझ्या वर्गातल्या सईला आणि तिच्या आईला गाळ्यात बोलावलं. सई आठ वर्षांची. आई शालन, साताऱ्याकडची, चार फ्लॅटमध्ये कामं करायची. हिराताईंनी माळ्यावरून एक जुनाट, जाडा टीव्ही काढला. "मुलांच्या घरी असाच असनार. चांगल्यावर तपासून काय उपेग?"

सई पडद्यावरची एकेक खूण करत गेली. 'उंच' आलं तशी ती अडखळली. कोपर वर करून तशीच थांबली. माझा चढलेला हात टीव्हीच्या वरच्या कडेआड गेला होता. तिला फक्त कोपर दिसलं होतं. हिराताई तिच्या शेजारी खाली बसल्या, पडद्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "जुना टीव्ही कडा खातो. आयला, हे मलाच कलायला पायजे होतं." सगळ्या धड्यांचं चित्र त्यांनी चारी बाजूंनी आत ओढून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून दोन फेऱ्या. चार दिवस गेले.

डिस्क घरोघर गेल्या. पंधरा दिवसांनी मी गाळ्यात बसलेले असताना शालन आली. चप्पल काढून दारातच उभी राहिली.

"मॅडम, पोरीसंगं म्या बी बघायला लागले डिस्क. काल ती माझ्याशी बोलली."

"काय बोलली?"

"सकाळच्याला म्या कामाला निघाले की पोट धरून बसायची. म्या रोज ओवा देत हुते. काल म्हनली, पोट न्हाई दुखत. एकलीला भ्या वाटतंय." तिने पदर तोंडाला लावला. "आठ वर्सांची झाली, मॅडम. म्या ओवाच देत हुते."

"मग आता?"

"आता संगट नेते. बसती एका कोपऱ्यात."

 हिराताई कीबोर्ड पुसत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बाई, दुसऱ्या इयत्तेचं शूटिंग कवा करताय?"

गेल्या वर्षी ती इमारत पाडायला काढली. नवा गाळा शोधायचा त्यांचा विचार नव्हता. डीव्हीडी आता मागतं कोण, असं त्याच म्हणाल्या. मला वाटलं, आता त्या सारसोळ्याला घरी बसतील. पण एका गुरुवारी त्या कॉम्प्युटर रिक्षात घालून थेट शाळेत आल्या. तेव्हापासून दर गुरुवारी मोठ्या मुलांना व्हिडिओचं काम शिकवतात. डिस्क असो, पेनड्राइव्ह असो, मुलं पहिली फेरी नुसती बघण्यात घालवतात. त्यातल्या दोघांनी या हंगामात एका लग्नाचं काम स्वतंत्रपणे केलं.

खुणांची भाषा त्या साठीनंतर शिकताहेत. परवा वर्गात त्या मुलांना खुणेने सांगत होत्या, "घाई नको." आता मोठ्या मुलांत बसणाऱ्या सईने नकारार्थी मान हलवली. उठून आली, हिराताईंचं एक बोट धरून नीट वळवलं आणि आपल्या जागी जाऊन बसली. हिराताईंनी पुन्हा केलं. सईने पुन्हा मान हलवली.

तिसऱ्यांदा बरोबर जमलं. अख्ख्या वर्गाने हात वर करून हवेत हलवले. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजतात.