नीलम्माच्या अप्पांची कुऱ्हाड

नीलम्माचं डोकं एका वाक्यानं भडकायचं : "तू लहान होतीस, तुला काय आठवणार?" हे वाक्य तिला सासूनं ऐकवलं, मास्तरांनी ऐकवलं; पण सगळ्यांत जास्त ऐकवलं ते थोरल्या भावानं, विरूपाक्षअण्णांनी. रझाकारांनी देवणीकडच्या त्यांच्या खेड्यावर धाड घातली तेव्हा अण्णा चौदा वर्षांचे, ही सहाची. वडील, म्हणजे अप्पा, दारातच मारले गेले. तेव्हापासून आठवायचं काम अण्णांचं आणि रडायचं हिचं, अशी वाटणीच झालेली.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. सुरुंगाआधी मुकादमानं शिट्टी फुंकली आणि तीन बाया टोपल्या टाकून एकाच बैलगाडीखाली घुसल्या. "अगं, सुरुंग तिकडं हाय!" मुकादम पोट धरून हसला. गाडीखाली नीलम्मा, गुणाबाई आणि मूळची भोकरची खैरूनबी एकमेकींकडे बघतच राहिल्या. तिघींच्याही लहानपणी अशीच शिट्टी वाजली होती आणि मग गाव पेटलं होतं. खैरूनबीच्या बापाला तर रझाकार हरल्यावर सूड उगवायला आलेल्यांनी मारलेलं. मारणारे वेगळे, गाडीखालची जागा एक.

तेव्हापासून दर सोमवारी नीलम्माच्या ओसरीवर बैठक. शेंगा फोडत एकीनं सांगायचं, बाकीच्यांनी "असं नसंल" म्हणायचं नाही, एवढाच कायदा. एकदा गुणाबाई म्हणाली, आमची गाय निळी होती. निळी तर निळी!

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवे मांडव, नवे हार, नवे अध्यक्ष. मुक्तिदिनाच्या सभेत अण्णांचं भाषण ठरलं. बहिणीनं शेजारी बसायचं.

"मी काय बोलू?"

"तू कशाला बोलतीस? हार घालून घे, नमस्कार कर, बस."

अण्णांचा आवाज तापला. "माझ्या बापानं कुऱ्हाड उचलली! चौघांना लोळवलं!" गेल्या साली दोघंच होते, पण नवा जिल्हा झाल्यावर वाढ ही व्हायचीच. "ही माझी बहीण. लेकरू होती. हिला काही आठवत नाही."

नीलम्मा उठली. हार काढून खुर्चीवर आपटला आणि माइक ओढला.

"अण्णा, आपल्या घरात कुऱ्हाड नव्हतीच. लाकडं फोडायची तर शेजारून मागून आणावी लागायची. अप्पा दारात तांब्या घेऊन उभे होते. रझाकारांना पाणी देऊन राहिले होते. पाणी पायावर सांडत होतं."

"नीले, खाली बस! असं न्हवतं!"

मांडवातून गुणाबाई कडाडली, "ओ मामा, तुमचं दरसाल ऐकून राहिलोत! आता तिला बोलू द्या!"

"बोल अक्का, बोल!" खैरूनबी उभीच राहिली.

"माझा बाप भ्याला होता," नीलम्मा म्हणाली. "लई भ्याला होता. तरी दारातून हालला न्हाई. मागं आमी होतो ना! तुमी त्याच्या हातात कुऱ्हाड देऊन माझा बाप पळवला, अण्णा. भेलेला मानूस तुमाला चालत न्हाई व्हय? मला तोच पाहिजे. त्यांनी एकदा मारला, तुमी दरसाल मारून राहिले."

अण्णांनी खूण केली, माइक बंद झाला. चार शेतं ओलांडून म्हशीला हाक मारणाऱ्या बाईचा माइक बंद करून काय उपयोग! मांडवाच्या शेवटच्या कनातीपर्यंत तिचा आवाज पोचत होता. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं.

"साहेब, बसा," ती त्यांच्याकडे वळली. "मी आत्ता कुठं दारापर्यंत आले."